बाहुलीच्या फ्रॉकला मानक, बाळाच्या झबल्याला काहीच नाही

प्रति,
माननीय केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,


१ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात चौदा वर्षांखालच्या मुलांचं खेळणं आयएसआय शिक्क्याशिवाय विकता येत नाही. खुळखुळा असो, रिमोटची गाडी असो की कापडी बाहुली. तिच्यात शिसं किती, प्लास्टिक मऊ करणारी रसायनं किती, सुटून घशात जाईल असा तुकडा आहे का, हे तपासून मगच ती दुकानात यावी असा आदेश आहे. चांगला आदेश आहे. पण त्यातून झालंय असं, की बाहुलीच्या अंगातला फ्रॉक खेळण्याचा भाग म्हणून तपासणीखाली येतो आणि ती बाहुली मांडीवर घेऊन बसलेल्या दीड वर्षाच्या मुलीच्या फ्रॉकला कुणी काही विचारत नाही. बाहुली घटकाभर हातात असते. फ्रॉक दिवसभर अंगावर असतो, त्यात घाम मुरतो, लाळ गळते, आणि दात येत असतील तर त्याचा गळा चघळून चघळून ओला झालेला असतो.

पत्र तुम्हालाच लिहिण्याचं कारण सरळ आहे. भारतीय मानक ब्यूरो तुमच्याकडे, वैधमापन तुमच्याकडे, फसव्या जाहिरातींवर बडगा उगारणारं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणही तुमच्याकडेच. खेळण्यांचा आदेश उद्योग खात्याने काढला होता, कपड्यांची फाईल वस्त्रोद्योग खात्यात जाईल, रंगांचा विषय निघाला की पर्यावरण मंत्रालयाकडे बोट दाखवलं जाईल, हे सगळं ठाऊक आहे. पण गल्ल्यावर पैसे मोजणाऱ्या माणसाचं खातं तुमचं. म्हणून सुरुवात तुमच्या टेबलापासून.

मी घरी शिवणकाम करते. ओळखीपाळखीतल्या बाळंतविड्यांसाठी झबली, टोपडी, लंगोट, दुपटी शिवून देणं हा जुना उद्योग. हल्ली शिवून घेणारे कमी आणि मोबाइलवर मागवणारे जास्त. मात्र मागवलेलं 'बघा हो जरा' म्हणून माझ्याकडेच आणतात. असंच एक झबलं अलीकडे आलं. गळ्याला सुतळीने अडकवलेला खाकी पुठ्ठ्याचा टॅग, त्यावर हिरवं पान, खाली 'ऑरगॅनिक कॉटन', 'केमिकल फ्री', 'बेबी सेफ'. किंमत सातशेच्या घरात. पुण्याच्या तुळशीबागेत त्याच घाटाचं झबलं दीड-दोनशेत मिळतं. कापड मऊ होतं, चांगलं इंटरलॉक होजिअरी. पण छातीवर हत्तीचं चित्र छापलेलं, जाड आणि रबरासारखं, दुमडलं तर आपणहून सरळ होणारं. बाळ ओढून तोंडात घालणार ते नेमकं हेच. आतून ओव्हरलॉकची शिवण टोचरी. (बाळाच्या पहिल्या झबल्याच्या शिवणी बाहेरच्या बाजूला ठेवायच्या, हे कुठल्याही शिवणाऱ्या बाईला न शिकवता येतं.) मानेशी नायलॉनचं ताठ लेबल, त्यावर साइझ, धुण्याच्या खुणा आणि पुन्हा तेच पान. हा कापूस सेंद्रिय आहे असं ठरवलं कुणी, प्रमाणपत्र कोणत्या संस्थेचं, परवाना क्रमांक काय, याबद्दल अवाक्षर नाही.

बरं, यात कायदा मोडलाय म्हणावं तर तेही अवघड. सुट्ट्या विकल्या जाणाऱ्या तयार कपड्यांना तुमच्याच खात्याने २०२२ मध्ये वेष्टित वस्तूंच्या नियमांतून सवलत दिली. कंपनीचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि ईमेल, साइझ, कमाल किंमत, एवढं दिलं की भागतं. कापूस किती आणि पॉलिएस्टर किती, हे त्या यादीत नाही. रंग आणि रसायनं तर लांबच. ऑक्टोबर २०२४ मध्ये प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वं काढली, की पर्यावरणाच्या नावाने केलेला दावा पुराव्याशिवाय करू नये. त्याबद्दल आभार. पण तत्त्व जागं व्हायला तक्रार लागते, तक्रारीला पुरावा लागतो आणि पुराव्याला प्रयोगशाळा. तिथली फी झबल्याच्या किमतीच्या कितीतरी पट. एवढा खटाटोप कोणती बाळंतीण करणार? दुसरीकडे, सेंद्रिय तूरडाळीचं पाकीट विकायचं तर २०१७ पासून त्याला नियम आहेत, 'जैविक भारत'चं चिन्ह आहे. डाळीला जे जमलं ते झबल्याला का जमू नये?

आता 'केमिकल फ्री'बद्दल, कारण सगळा घोळ तिथून सुरू होतो. कापूस शेतात कितीही शुद्ध पिकवा, त्याचं कापड होताना रसायन लागतंच. सूत तुटू नये म्हणून खळ, ती काढायला रसायन, कापड पांढरं करायला रसायन, मग रंग, मग मऊपणा, मग सुरकुती पडू नये म्हणून शेवटचा हात. या शेवटच्या हातात फॉर्मल्डिहाइड सोडणारी रेझिनं असू शकतात. कोऱ्या कपड्याला कधीकधी नाकात जाणारा वास येतो, त्यात याचाही वाटा असू शकतो. काही स्वस्त अ‍ॅझो रंग विघटन पावताना कर्करोगाशी संबंध असलेली अमाइन्स सोडतात. छापील चित्रांच्या प्लास्टिसॉलमध्ये थॅलेट असू शकतात, टिचबटणाच्या धातूत निकेल, चकचकीत रंगात शिसं. यातलं काहीही मोठ्या माणसालाही चांगलं नाही. पण बाळाची कातडी पातळ, वजनाच्या मानाने तिचं क्षेत्रफळ आपल्या दुपटीहून जास्त, आणि हाताला लागेल ते तोंडात घालणं हा त्याचा पूर्णवेळ व्यवसाय.

म्हणजे सेंद्रिय कापूस आणि सुरक्षित कपडा हे दोन वेगळे प्रश्न आहेत. सेंद्रिय कापसाच्या झबल्यावर रबरी हत्ती छापला तर त्या हत्तीला शेतातल्या शेणखताचा काही उपयोग नाही. उलट साध्या कापसाचं, नीट धुतलेलं, न छापलेलं मलमलचं झबलं बाळाच्या अंगाला जास्त निर्धोक असू शकतं. दुकानदार या दोन्ही गोष्टी एकाच हिरव्या पानाखाली विकतो, आणि आईबाप दुप्पट-चौपट पैसे मोजून एकीच्या भरवशावर दुसरी घरी आणतात.

बाहेरच्या देशांनी यातला सुरक्षिततेचा भाग केव्हाच कायद्यात घातला. जपानमध्ये १९७३ च्या कायद्याखाली दोन वर्षांखालच्या बाळाच्या कपड्यात फॉर्मल्डिहाइड दहा लाख भागांत १६ भागांपुढे चालत नाही. चीनमध्ये जून २०१६ पासून बालकपड्यांना सक्तीचं मानक लागू आहे. तीन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा. अमेरिकेने २००८ च्या कायद्याने मुलांच्या वस्तूंतल्या शिशावर लगाम घातला. युरोपने घातक अमाइन्स सोडणाऱ्या अ‍ॅझो रंगांना किलोमागे ३० मिलिग्रॅमची हद्द आखून दिली. आपणही १९९७ मध्ये अशा रंगांवर बंदी घातली, म्हणजे आपल्याला हे कळत नव्हतं असं नाही. फक्त ती बंदी रंगाच्या डब्यापाशी थांबली. बाजारातल्या झबल्यापर्यंत कुणी आलं नाही.

आणि या सगळ्यातली सगळ्यांत खटकणारी गोष्ट तिरुपूरमध्ये दिसते. देशातून निर्यात होणाऱ्या सुती होजिअरीचा मोठा हिस्सा या एका शहरातून जातो. जर्मनीच्या, अमेरिकेच्या, जपानच्या बाळांचे कपडे तिथे शिवले जातात आणि त्यांच्या कायद्यांत बसतात, कारण न बसले तर माल परत येतो. यंत्रं तीच, कारागीर तेच, रंगारी तेच. तयार कपड्यांच्या चाचण्या करणाऱ्या प्रयोगशाळाही आपल्याकडे आहेत. केंद्र सरकारची टेक्स्टाइल्स कमिटी तर १९६३ च्या कायद्याने स्थापन झालेली आहे आणि तिचं मुख्यालय मुंबईत प्रभादेवीला आहे. हात आहेत, अक्कल आहे, यंत्रणा आहे. फक्त आपल्या बाळासाठी ती वापरायची सक्ती नाही. ओसाकातल्या बाळाची कातडी आणि उस्मानपुऱ्यातल्या बाळाची कातडी यात फरक आहे असं भारत सरकारचं अधिकृत मत असेल, तर तसं परिपत्रक काढावं.

आता त्या हिरव्या पानाकडे येते. सेंद्रिय कापडासाठी जगात सर्वाधिक चालणारं मानक म्हणजे गॉट्स. त्यात 'ऑरगॅनिक' म्हणायचं तर किमान ९५ टक्के धागा प्रमाणित सेंद्रिय हवा. ७० टक्के असेल तर 'ऑरगॅनिक धाग्यासह बनवलेलं' असंच लिहावं लागतं. लेबलवर प्रमाणित करणाऱ्या संस्थेचं नाव आणि परवाना क्रमांक हवा, तो त्यांच्या सार्वजनिक यादीत ताडून पाहता येतो. कोणते रंग आणि रसायनं चालतील याची यादी असते, कामगारांविषयी अटी असतात. कागदावर उत्तम. पण २०२० च्या ऑक्टोबरमध्ये याच गॉट्सने जाहीर केलं की भारतातून आलेल्या सुमारे २०,००० टन कच्च्या कापसाची प्रमाणपत्रं बनावट होती. त्यांवरचे क्यूआर कोड सरकारी संकेतस्थळाची हुबेहूब नक्कल केलेल्या संकेतस्थळावर नेत होते. अकरा कंपन्यांवर बंदी आली. पुढच्याच वर्षी अमेरिकेने आपल्या सेंद्रिय प्रमाणन व्यवस्थेला दिलेली मान्यता काढून घेत असल्याचं जाहीर केलं. गोठ्यात गाय नाही आणि दुधाची पावती हातात, असा हा व्यवहार. कापूस शेतातून जिनिंगला, तिथून सूतगिरणीला, तिथून विणाईला, रंगाईला, शिलाईला जातो आणि प्रत्येक टप्प्यावर सोबत एक कागद हवा. कागद कापसापेक्षा हलका, त्यामुळे त्याला पाय लवकर फुटतात.

या फसवणुकीत सातशे रुपये देणारा ग्राहक नाडला गेला, पण खरा मार खातो तो प्रामाणिक शेतकरी. विदर्भातलं उदाहरण घेते. बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि आज देशातलं नव्वद टक्क्यांहून जास्त कापूस क्षेत्र बीटीखाली आहे. सेंद्रिय शेतीत बीटी चालत नाही. म्हणजे सेंद्रियकडे वळायचं ठरवलेल्या शेतकऱ्याला आधी बिगर-बीटी बियाणं शोधत हिंडावं लागतं. मिळालं तर शेजारच्या पऱ्हाटीवरून परागकण येऊन भेसळ होऊ नये म्हणून मधे पट्टा सोडायचा. जिनिंगला गेलं की त्याचा कापूस वेगळा पिंजायला कुणी तयार नसतं. दहा-वीस क्विंटलसाठी यंत्र साफ करायला परवडत नाही, मग तो ढिगात जातो आणि इतर रुईसारखाच विकला जातो. शिवाय प्रमाणपत्र मिळेपर्यंत दोन-तीन वर्षं संक्रमणाची. त्या काळात उतारा घटलेला आणि भाव मात्र नेहमीचाच. एवढं सोसून बाहेर पडलेल्या माणसाच्या शेजारी कुणीतरी नकली संकेतस्थळावरून वीस हजार टनांचे कागद छापतो.

हे का सोसायचं, असं विचाराल तर २०१७ चा यवतमाळ आठवावा. त्या हंगामात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात गेले, काहींची दृष्टी अधू झाली. कापूस डोक्याएवढा वाढलेला, फवारा वरून अंगावर येणारा, तोंडाला फार तर एक उपरणं. सेंद्रिय कापसाचा पहिला फायदा बाळाला होतो असं जाहिराती सांगतात. माझ्या मते तो होतो फवारणीचा पंप पाठीवर घेणाऱ्याला, आणि तेवढं कारण पुरेसं आहे. बाळाचा गोंडस फोटो पुढे करायची गरज नाही.

त्याच साखळीत आणखी एक पोर आहे, तिच्याबद्दल टॅगवर कधीच काही नसतं. संकरित कापसाचं बियाणं यंत्राने होत नाही. संध्याकाळी न उमललेली कळी सोलायची, तिच्यातले पुंकेसर नखाने काढायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या झाडाचं फूल तिच्यावर घासायचं. एकेका फुलाला असं. त्यासाठी लहान बोटं आणि कमी मजुरी सोयीची पडते. गुजरात, आंध्र, तेलंगणातल्या बीजोत्पादन शेतांवर मुलं, त्यातही मुली, राबताना आढळल्याच्या नोंदी वर्षानुवर्षं होत आल्या आहेत. दक्षिण राजस्थानातल्या आदिवासी पाड्यांवरून त्यांना गुजरातेत आणलं जातं. तमिळनाडूतल्या काही सूतगिरण्यांत 'सुमंगली' नावाखाली किशोरवयीन मुलींना तीन वर्षांच्या करारावर डांबलं गेलं, शेवटी हुंड्यापुरती रक्कम मिळेल या आशेवर. गॉट्सच्या कामगारविषयक अटी मुख्यतः जिनिंगपासून पुढे लागतात. बियाण्याच्या शेतातली मुलगी त्यांच्या आधीच कळ्या सोलून मोकळी झालेली असते. म्हणून इथे नुसती तपासणी पुरणार नाही. सरळ वाणाचं बियाणं हवं, जे शेतकरी स्वतः राखू शकतो आणि ज्याला असा हाताने संकर करावा लागत नाही. ते काम करायला केंद्रीय कापूस संशोधन संस्था नागपुरात आहे. बियाण्याचा हा प्रश्न तुमच्या खात्याचा नाही, पण 'नैतिक' हा दावा टॅगवर छापू द्यायचा की नाही, हा नक्की तुमचा आहे.

सेंद्रिय आणि नैतिक कपडे महाग आहेत, आणि काही काळ महागच राहतील. मला त्याचं वाईट वाटत नाही. प्रामाणिकपणे पिकवलेल्या, रंगवलेल्या, शिवलेल्या कपड्याची किंमत जास्त असायलाच हवी. वर्ध्याच्या मगन संग्रहालयासारख्या ठिकाणी सेंद्रिय कापसाची, नैसर्गिक रंगांची खादी आजही होते, ज्याला परवडतं त्याने ती जरूर घ्यावी. पण विषारी रंग नसलेलं झबलं ही चैन होता कामा नये. तुळशीबागेतल्या दीडशेच्या झबल्यालाही ती हमी हवी, आणि आठवडी बाजारातल्या ऐंशीच्या झबल्याला आधी हवी, कारण तिथे विचारणारं कोणी नाही.

आपल्याकडे अनेक घरांत नवजात बाळाला पहिले काही दिवस नवा कपडा घालत नाहीत; कुणाच्या तरी सुदृढ बाळाचं वापरलेलं झबलं मागून आणतात, आजीच्या विरलेल्या सुती लुगड्याची दुपटी करतात. शंभरदा धुतलेल्या त्या कापडात खळ राहिलेली नसते, शेवटचा हात राहिलेला नसतो, नवं काही पिकवावं लागलेलं नसतं. मी शिवते तेव्हा अजूनही आधी घरात जुनी सुती साडी आहे का ते विचारते. अर्थात आता घरोघर साड्या पॉलिएस्टरच्या, आणि देशभरच्या बाळांना आजीच्या कपाटातून पुरवठा करता येत नाही, तेव्हा मानकाला पर्याय नाही.

ते आणताना एक गोष्ट सांभाळा. खेळण्यांच्या आदेशाने आधी छोट्या कारागिरांची झोप उडवली होती. मग नोंदणीकृत हस्तकला कारागीर आणि भौगोलिक मानांकन मिळालेली खेळणी यांना वगळावं लागलं. झबल्यांच्या बाबतीत ती पाळी येऊ देऊ नका. शिवणाऱ्या बायका लाखो आहेत, बचत गटांत आहेत, माझ्यासारख्या घरात आहेत. प्रत्येकीला प्रयोगशाळेत पाठवलंत तर उरतील फक्त मोठ्या कंपन्या. विष शिवणीतून येत नाही. ते रंगाईत आणि शेवटच्या हातात येतं, छपाईच्या शाईत येतं, टिचबटणात येतं. रंगाईचे कारखाने मोजता येतील इतके आहेत, इचलकरंजीत असोत की तिरुपुरात. २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने नोय्यल नदीच्या प्रदूषणापायी तिरुपूरचे शेकडो रंगकारखाने एका आदेशाने बंद केले होते, म्हणजे त्यांच्यापर्यंत पोहोचता येतं. तपासणी तिथे करा. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी योग्य असा शिक्का ताग्याच्या काठावर मारा. मी तो तागा दुकानातून आणीन आणि त्याच काठाचा तुकडा शिवणीत धरीन.

सोबत तीन गोष्टी तुमच्याच खात्याच्या अखत्यारीत होतील. सुट्ट्या कपड्यांना दिलेल्या सवलतीतून तीन वर्षांखालच्या मुलांचे कपडे बाहेर काढा आणि धाग्याचं प्रमाण लिहिणं सक्तीचं करा. प्रमाणित करणाऱ्या संस्थेचं नाव आणि तपासता येणारा क्रमांक नसेल तर कपड्यावर 'ऑरगॅनिक' छापायला मनाई करा. 'केमिकल फ्री' तर सरसकट बंद करा, कारण ते कुणालाच खरं करून दाखवता येणार नाही. आणि प्राधिकरणाने तक्रारीची वाट न पाहता वर्षातून काही वेळा स्वतः बाजारातून झबली विकत घ्यावीत, तपासावीत, निकाल नावानिशी जाहीर करावेत.

नाड्यांचं तर उद्याच करता येईल. टोपीच्या आणि गळ्याच्या लांब नाड्या मुलांच्या गळ्याला फास लावतात, घसरगुंडीत अडकतात. युरोपात सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांच्या गळ्याला आणि कपड्याला जोडलेल्या टोपीला त्या चालत नाहीत. आपल्याकडे हिवाळा आला की गोंडे लावलेल्या, हातभर नाड्यांच्या टोप्या फुटपाथवर लटकू लागतात. आपल्या टोपड्याच्या बंदांवरही यात गदा येईल आणि काही आज्या रागावतील, त्यांची समजूत काढायचं काम माझ्याकडे. या नियमाला प्रयोगशाळा लागत नाही, फक्त मोजपट्टी लागते, आणि थंडीचा माल कारखान्यांत उन्हाळ्यातच शिवायला घेतात, तेव्हा आदेश त्याआधी निघावा.

कळावे,
आपली,
पुण्यातील एक ग्राहक